पाळीव अजगर : त्यांची वाढ व त्यांचा आहार

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या बोर्डिंगच्या मागें, जेथें पालापाचोळ्याचा ढीग असतो तेथें, माळ्यास अजगराचें एक पिलूं आढळलें. लांबीस दोन फुटांहून किंचित् कमी, जाडीस हाताच्या आंगठ्याएवढें, आणि अंगावर तपकिरी व पिवळसर रंगांची सुबक नक्षी. हां हां म्हणतां मुलांचा घोळका जमला. "घोणस आहे, मारा!" असें एकजण ओरडला, "नव्हे, अजगर आहे, धरा!" असें दुसरा म्हणाला. ह्या दोन्ही सूचना सारख्याच धोक्याच्या होत्या. घोणस अत्यंत विषारी, तर अजगर बिनविषारी. परंतु दोहोंच्या अंगावरील ठिपक्यांत इतकें साम्य असतें कीं, अजगराचें पिलूं समजून घोणशीस हात लावल्यामुळें दंश झाल्याचीं उदाहरणें आपल्याकडे आहेत. म्हणून आम्हीं मुलांस दूर उभें केलें, वनखात्यास निरोप धाडला, आणि थोड्याच वेळांत आलेल्या वनरक्षकानें तें पिलूं पिशवींत घालून जंगलांत सोडण्यासाठीं नेलें.

गोष्ट येथेंच संपली असती. परंतु वनरक्षक दृष्टीआड झाल्यावर आठवींतील एक विद्यार्थी हिरमुसल्या चेहऱ्यानें आमच्याजवळ आला व म्हणाला, "सर, परदेशांत मुलें घरीं अजगर पाळतात, असें मीं वाचलें आहे. आपण हें पिलूं पेटींत ठेवलें असतें तर काय झालें असतें? तें खाऊन खाऊन किती खाणार, आणि वाढून वाढून किती वाढणार?"

त्या वेळीं आम्हीं त्यास कायदा सांगितला. भारतीय अजगर हा १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचींत आहे. त्यास पकडणें, बाळगणें, विकणें अथवा मारणें हा गुन्हा आहे. मुलगा गप्प बसला. पण त्याचें समाधान झालें नाहीं, हें त्याच्या मुद्रेवरून दिसत होतें. आणि तें व्हावें तरी कां? "मनाई आहे" हें कांहीं "कां?" या प्रश्नाचें उत्तर नव्हे. किती खाणार व किती वाढणार, हे त्यानें विचारलेले दोन प्रश्न एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, आणि अजगर पाळण्याच्या साऱ्या खटाटोपाचें मर्म त्यांत आहे. म्हणून परदेशांत पाळल्या जाणाऱ्या अजगरांविषयीं व बोआ सर्पांविषयीं जी माहिती शास्त्रज्ञांनीं व अनुभवी पालनकर्त्यांनीं मिळविली आहे, ती येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अजगर आणि बोआ

भक्ष्यास विळखा घालून मारणाऱ्या थोर सर्पांचीं दोन घराणीं प्रमुख आहेत. एक अजगरांचें व दुसरें बोआंचें. अजगर आशिया, आफ्रिका व ऑस्ट्रेलिया या खंडांत राहतात व अंडीं घालतात. मादी अंड्यांभोंवतीं वेटोळें घालून बसते. आपल्या भारतीय अजगराची व ब्रह्मी अजगराची मादी तर स्नायूंस वारंवार आंचके देऊन स्वतःच्या अंगांत ऊब निर्माण करते व ती अंड्यांस पुरविते. बोआंपैकीं मोठ्या जाती अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील असून त्या अंडीं न घालतां जिवंत पिलांस जन्म देतात. दक्षिण अमेरिकेंतील प्रचंड अॅनाकोंडा याच घराण्यांतला. आपल्याकडील शेतांत आढळणारें गरीब मांडूळ हेंही बोआंचेंच दूरचें नातेवाईक आहे, हें ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल.

अमेरिकेंत व युरोपांत घरोघरीं जे पाळतात, त्यांत चार जाती मुख्य आहेत. पहिला बॉल पायथन, म्हणजे चेंडू-अजगर. हा पश्चिम आफ्रिकेंतील घाना, टोगो, बेनिन इत्यादि देशांचा रहिवासी. भ्याला म्हणजे डोकें मध्यें लपवून अंगाचा चेंडू करतो, म्हणून हें नांव. दुसरा बोआ कन्स्ट्रिक्टर, हा मध्य व दक्षिण अमेरिकेंतला. तिसरा ब्रह्मी अजगर, हा ब्रह्मदेश म्हणजे आजचा म्यानमार व त्याच्या आसपासचे देश येथला आणि आपल्या भारतीय अजगराचा सख्खा भाऊ शोभणारा. चौथा आग्नेय आशियांतील जाळीदार अजगर, जो लांबींत जगांतील सर्व सापांत श्रेष्ठ आहे. यांतील पहिल्या जातीचा साप व चौथ्या जातीचा साप यांचीं पिलें पेटींत शेजारीं शेजारीं ठेवलीं, तर नवख्या मनुष्यास त्यांतील अंतर फारसें मोठें वाटणार नाहीं. फसगत होते ती येथेंच.

वाढ किती व कशी

चेंडू-अजगर अंड्यांतून निघतो तेव्हां सुमारें दहा ते सतरा इंच असतो; पूर्ण वाढलेली मादी तीन ते पांच फुटांची होते व नर त्याहूनही लहान राहतो. बोआचें पिलूं जन्मतः सव्वा-दीड फुटाचें असून मादी सात ते दहा फुटांपर्यंत जाते. ब्रह्मी अजगराचें पिलूं दीड-दोन फुटांचें व वजनानें शंभर-सव्वाशें ग्रॅमचें, म्हणजे एका मध्यम आकाराच्या पेरूएवढें. तीच मादी वाढली म्हणजे बारा-पंधरा फूट लांब व पन्नास किलोग्रॅमपर्यंत किंवा त्याहूनही अधिक वजनदार होऊं शकते. विद्यार्थ्यांनीं येथें थोडें गणित करून पाहावें. मनुष्याचें अर्भक तीन किलोचें असतें व तें वाढून साठ किलोचें झालें, तर वजन वीसपट झालें. ब्रह्मी अजगराचें वजन शंभर ग्रॅमपासून पन्नास किलोपर्यंत जातें, तेव्हां तें पांचशेंपट होतें! शिवाय मनुष्यास त्यासाठीं अठरा-वीस वर्षें लागतात. भरपूर खाऊं घातलेला ब्रह्मी अजगर दोन-तीन वर्षांतच दहा फुटांच्या आसपास पोंचतो.

जाळीदार अजगराची कथा याहूनही मोठी आहे. अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथें पाळलेल्या "मेडुसा" नांवाच्या मादीस १२ ऑक्टोबर २०११ रोजीं मापलें, तेव्हां ती ७.६७ मीटर, म्हणजे पंचवीस फुटांहून जास्त लांब भरली. तिला सरळ धरून ठेवण्यास पंधरा माणसें लागलीं.

ही वाढ कशावर अवलंबून असते? प्रथम जातीवर व कुळावर. मग नर कीं मादी यावर, कारण या सापांत बहुधा मादीच थोर होते. आणि त्यानंतर आहारावर व उष्णतेवर. आपण उष्णरक्ताचे प्राणी खाल्लेल्या अन्नाचा फार मोठा भाग केवळ अंग उबदार ठेवण्यांत खर्च करतों. साप तसें करीत नाहीं. तो बाहेरून ऊब घेतो, दिवसचे दिवस स्वस्थ पडून राहतो, आणि मिळालेल्या अन्नांतील पुष्कळसा अंश सरळ अंगीं लावतो. म्हणूनच एकाच वेळीं जन्मलेल्या दोन भावंडांपैकीं एकास दर आठवड्यास व दुसऱ्यास महिन्यांतून एकदां खावयास दिलें, तर वर्षाअखेरीस तीं एकाच आईचीं पिलें आहेत हें खरें वाटणार नाहीं, इतका फरक पडतो. तारुण्यांत आल्यावर वाढीचा वेग मंदावतो. पण ती एकाएकीं थांबत नाहीं, पुढेंही वर्षानुवर्षें थोडीथोडी चालूच राहते.

येथें एक समजूत खोडून काढणें अवश्य आहे. "साप पेटीच्या मापानेंच वाढतो, पेटी लहान ठेवली म्हणजे साप लहान राहतो," असें विकणारे सांगतात व घेणारे मानतात. हें सर्वथैव खोटें आहे. लहान पेटींतील साप वाढतच राहतो, मात्र त्याचें अंग आंबतें, स्नायू दुबळे होतात व तो आजारी पडतो. जो खरोखर खुरटतो तो पेटीमुळें नव्हे, तर उपासमारीमुळें. भाकरी कमी देऊन मुलास लहान ठेवणाऱ्या बापास आपण जें म्हणूं, तेंच अशा पालनकर्त्यास म्हणावें लागेल.

वाढीबरोबर कात टाकणें हें ओघानेंच येतें. पिलूं चार-सहा आठवड्यांनीं कात टाकतें. मोठा साप वर्षांतून थोड्याच वेळां. कात सुटण्यापूर्वीं डोळ्यांवर निळसर दुधाळ झांक येते. त्या दिवसांत त्यास नीट दिसत नाहीं, तो चिडखोर होतो व बहुधा अन्नास तोंड लावीत नाहीं. अशा वेळीं त्यास छेडूं नये, हें शहाणपणाचें.

पकडणें, गिळणें व पचविणें

आतां आहाराकडे वळूं. हे साप शुद्ध मांसाहारी आहेत. दूध, भात, फळें यांतलें कांहींही त्यांस चालत नाहीं. दूध पिणारा साप हा आपल्याकडील भाबडा समज; सापास हवें असतें तें केवळ स्वच्छ पाणी, आणि तें मात्र सदैव जवळ हवें. रानांत लहान अजगर उंदीर, सरडे व पक्ष्यांचीं पिलें खातात; मोठे अजगर ससे, माकडें व क्वचित् हरणें गिळतात.

अजगराच्या ओठांवर लहान लहान खळगे असतात. त्यांच्या योगानें त्यास अंधारांतही उबदार प्राण्याची चाहूल लागते. भक्ष्य टप्प्यांत आलें कीं तो झेप घेतो, मागें वळलेल्या अणकुचीदार दांतांनीं तें धरतो व निमिषार्धांत त्याभोंवतीं वेटोळीं आवळतो. तो भक्ष्याचीं हाडें मोडतो, असें लोक समजतात. तो त्याचा श्वास कोंडतो, असें पुष्कळ दिवस शास्त्रज्ञही समजत. परंतु २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील प्रयोगांनीं असें दिसून आलें कीं, बोआच्या विळख्यांत उंदराचें रक्ताभिसरणच थांबतें; कांहीं सेकंदांतच रक्ताचा दाब निम्म्यावर येतो, आणि श्वास कोंडण्याइतका वेळच उरत नाहीं. त्यापूर्वीं २०१२ सालीं त्याच मंडळींनीं असेंही दाखविलें होतें कीं, विळख्यांतील प्राण्याचें हृदय धडधडत आहे तोंवर बोआ पकड ढिली करीत नाहीं. धडधड थांबली कीं सोडतो. मुका वाटणारा हा प्राणी आपल्या सर्वांगानें दुसऱ्याची नाडी पाहतो, ही केवढी नवलाची गोष्ट!

मग गिळण्यास आरंभ होतो, तो बहुधा डोक्याकडून. म्हणजे भक्ष्याचे पाय व केस आड येत नाहींत. सापाचा जबडा निखळतो, असें पुष्कळ पुस्तकांत लिहिलेलें असतें. तें बरोबर नाहीं. खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीशीं आपल्याप्रमाणें जुळलेले नसून लवचीक बंधनानें बांधलेले असतात, आणि त्यांच्यामधील कातडी तर रबराप्रमाणें ताणते. उजवी बाजू पुढें, मग डावी बाजू पुढें, अशा रीतीनें जणूं कांहीं तोंडच भक्ष्यावरून चालत जातें. घशांत मोठा घांस असतांना गुदमरूं नये म्हणून श्वासनलिकेचें मुख तोंडाच्या कडेनें बाहेर काढण्याची सोयही निसर्गानें करून ठेविली आहे.

पण खरा चमत्कार पोटांत घडतो. दीर्घ उपवासांत अजगराचें आंतडें आकसलेलें व जठर जवळजवळ निद्रिस्त असतें. त्यांत आम्लही नसतें. घांस पोटांत उतरला कीं सारा कारखाना सुरू होतो. दोन दिवसांच्या आंत जठरांत तीव्र आम्ल भरतें, आंतड्याचें वजन सुमारें दुप्पट होतें, यकृत व मूत्रपिंडें फुगतात. ब्रह्मी अजगराचें हृदयसुद्धां अठ्ठेचाळीस तासांत ४० टक्क्यांनीं वाढल्याचें २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत नमूद आहे. मोठ्या जेवणानंतर त्याच्या शरीराचा प्राणवायूचा खप विश्रांतीच्या वेळेपेक्षां चाळीसपटींपर्यंत चढतो. म्हणजे निश्चल पडलेला अजगर आंतून शर्यतीच्या घोड्यासारखा धांवत असतो. हाडें विरघळतात, केस व नखें तेवढीं शेवटीं बाहेर पडतात. काम आटोपलें कीं हे सर्व अवयव पुन्हां लहान होतात, आणि कारखान्यास कुलूप लागतें.

यावरून पालनकर्त्यास दोन धडे मिळतात. पहिला धडा असा कीं, पचनास ऊब हवी. चेंडू-अजगराच्या पेटीची एक बाजू सुमारें ३१ ते ३३ अंश सेल्सियस व दुसरी २५ ते २७ अंश ठेवतात, म्हणजे साप आपल्या गरजेप्रमाणें जागा बदलतो. ऊब न मिळाली तर पोटांतलें अन्न पचण्याऐवजीं कुजतें व साप तें ओकून टाकतो. दुसरा धडा असा कीं, जेवल्यावर निदान दोन दिवस त्यास हातांत घेऊं नये.

किती द्यावें, केव्हां द्यावें

नवजात पिलूं प्रथम कांहीं दिवस पोटांतील बलकावरच जगतें. पहिली कात टाकल्यावर तें खाऊं लागतें. त्यानंतर पिलांस पांच ते सात दिवसांनीं, अर्धवट वाढलेल्यांस दहा ते चौदा दिवसांनीं, आणि मोठ्यांस दोन ते चार आठवड्यांनीं किंवा त्याहूनही उशीरा अन्न देतात. घांस केवढा असावा याचें ढोबळ माप असें : सापाच्या अंगाचा जो सर्वांत जाड भाग, त्याच्या जाडीएवढा. पिलांस उंदराचीं पिलें, मग उंदीर, मग घूस किंवा मोठा उंदीर, आणि ब्रह्मी अजगरासारख्यांस वर्षा-दीड वर्षांतच ससे.

जिवंत उंदीर पेटींत सोडणें हें मर्दुमकीचें लक्षण नव्हे. कोंडींत सांपडलेला उंदीर कडकडून चावतो. भूक नसलेल्या सापाच्या पाठीवर त्यानें रात्रभर कुरतडून खोल जखमा केल्याचीं उदाहरणें पाळणाऱ्यांत सर्वश्रुत आहेत. शिवाय उंदरासही वेदना आहेतच. म्हणून जाणते लोक आधींच मारून बर्फांत गोठविलेले उंदीर आणतात, ते पूर्णपणें वितळवून अंगाच्या उबेइतके गरम करतात, व लांब चिमट्यानें पुढें धरतात. हातानें देण्याची हौस करणारा आपलें बोटच भक्ष्य म्हणून पुढें करीत असतो.

चेंडू-अजगर उपासाबद्दल प्रसिद्ध आहे. हिवाळ्यांत, विणीच्या दिवसांत, किंवा नवीन घरीं आल्यावर तो आठवडेच काय, पण कित्येक महिने अन्नास शिवत नाहीं. नवशिक्याच्या तोंडचें पाणी पळतें. परंतु वजन टिकून असेल, तर हा उपास बहुधा आजार नसून स्वभाव असतो. ऊब तपासावी, लपण्यास काळोखी जागा द्यावी, वारंवार हात लावूं नये व धीर धरावा. वजन मात्र झपाट्यानें घटूं लागलें तर प्राण्यांच्या वैद्याकडे जाणें हाच मार्ग.

उपासापेक्षां अधिक साप अतिआहारानें बिघडतात. लोकांस मोठा साप दाखवावयाचा असतो, म्हणून ते त्यास लवकर वाढविण्यासाठीं खाऊं घालीतच राहतात. रानांतील साप कधीं तुडुंब जेवतो, पण मग पुष्कळ दिवस फिरतो व उपाशी राहतो. पेटींतल्या सापास फिरणें नाहीं व उपासही नाहीं. त्याच्या यकृतावर चरबी सांठते व आयुष्य कमी होतें. याउलट बेतानें वाढविलेला चेंडू-अजगर वीस-तीस वर्षें सहज जगतो. अमेरिकेंतील सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयांत १९६१ सालीं आलेल्या एका मादीनें २०२० सालीं, वयाच्या सुमारें बासष्टाव्या वर्षीं, अंडीं घातलीं! बारा वर्षांच्या मुलानें हट्ट धरून साप घेतला, तर तो मुलगा चाळिशीला टेंकेल तेव्हांही साप जेवणाची वाट पाहत असेल, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें.

पेटीबाहेर काय घडलें

आतां त्या मोठ्या जातींचा हिशेब करूं. वाढलेल्या ब्रह्मी अजगरास दोन-तीन किलोंचा एक ससा दर तीन आठवड्यांनीं धरला, तरी वर्षांत सतरा-अठरा ससे झाले. खोलीएवढा पिंजरा, बाराही महिने ऊब, आणि त्यास हाताळण्यास दोन-तीन धट्टीकट्टी माणसें. दीड फुटाचें पिलूं घेतांना हें कोणी सांगत नाहीं. आणि तीन वर्षांनीं तें कळतें तेव्हां घेणारा कोणी मिळत नाहीं. मग पुष्कळांनीं काय केलें? रात्रीच्या अंधारांत नेऊन सोडून दिलें.

अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यांतील एव्हरग्लेड्स हा विस्तीर्ण पाणथळ प्रदेश त्याचें फळ भोगीत आहे. पाळणाऱ्यांनीं सोडलेले व १९९२ सालच्या "अँड्र्यू" वादळांत व्यापाऱ्यांकडून निसटलेले ब्रह्मी अजगर तेथें वाढले. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें, जेथें हे अजगर दीर्घकाळ राहिले तेथें रस्त्यांवर दिसणाऱ्या रॅकून व ओपोसम या प्राण्यांची संख्या पूर्वीच्या मानानें शेंकडा ९८ हून अधिक घटली. त्याच वर्षीं अमेरिकन सरकारनें ब्रह्मी अजगर व आणखी तीन थोर जातींची आयात व राज्याराज्यांतील वाहतूक बंद केली. पण बाण सुटून गेला होता. २०२३ सालीं तेथें एकोणीस फुटांचा अजगर सांपडला. कॅरिबियन समुद्रांतील अरुबा बेटावर बोआनेंही असाच तळ ठोकला आहे.

या प्रकरणांत आपल्या देशाचा एक अभिमानाचा धागा आहे. सापांच्या मागावर जाण्यांत पिढ्यान्‌पिढ्या निष्णात असलेल्या तमिळनाडूंतील इरुळा जमातीचे मासी सदैयन व वडिवेल गोपाल यांस २०१७ सालीं फ्लॉरिडांत मुद्दाम बोलाविलें, आणि पहिल्या आठ दिवसांतच त्यांनीं तेरा अजगर शोधून दिले. २०२३ सालीं भारत सरकारनें दोघांस पद्मश्री देऊन गौरविलें.

याहून दुःखाची एक हकीकत सांगणें आम्हांस भाग आहे. २०१३ सालीं कॅनडांतील कॅम्पबेल्टन गांवीं पिंजऱ्यांतून सुटलेल्या आफ्रिकी थोर अजगरामुळें दोन लहानगे भाऊ झोंपेंतच मरण पावले. अजगर दुष्ट नव्हता. तो केवळ अजगर होता. त्यास माणसाळलेला म्हणतात तें इतक्याच अर्थानें कीं, तो माणसास भीत नाहींसा होतो. कुत्रा धन्यास ओळखतो व त्यावर माया करतो. सापास ऊब कळते, गंध कळतो, भूक कळते. ज्यास हें समजलें तो सापावर रागावणार नाहीं, आणि त्यावर भलता विश्वासही टाकणार नाहीं.

आपल्या देशांत काय? देशी अजगर पाळण्यास मनाई आहे, हें वर सांगितलेंच. परदेशी जातींपैकीं ज्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादींत आहेत, आणि सर्व अजगर व बोआ तींत आहेतच, त्या बाळगणाऱ्यानें सरकारदरबारीं नोंद केली पाहिजे, असें २०२२ सालच्या सुधारणेनें ठरविलें असून त्याचे नियम २०२४ सालीं निघाले. मांडूळ घरीं ठेविल्यानें धन मिळतें, या खुळ्या समजुतीपायीं त्या निरुपद्रवी प्राण्याचा जो चोरटा व्यापार चालतो, तोही गुन्हाच आहे. मांडुळानें कोणास श्रीमंत केलें असेल तर तें फसविणाऱ्यांस. आणि कोणत्याही सरपटणाऱ्या प्राण्यास स्पर्श झाल्यास हात साबणानें धुतले पाहिजेत, कारण त्यांच्या अंगावर पोटाचे विकार उत्पन्न करणारे जंतू असूं शकतात.

आतां आमच्या त्या विद्यार्थ्यास उत्तर देतों. बाळ, तुझें तें पिलूं किती खाल्लें असतें? रानांत त्यानें आपल्यापुरतें खाल्लें असतें. तुझ्या पेटींत मात्र तूं जेवढें देशील तेवढें. आणि किती वाढलें असतें? भारतीय अजगर दहा-बारा फुटांचाही होतो. तुझी पेटी दुसऱ्याच वर्षीं अपुरी पडली असती, तुझी खोली पांचव्या वर्षीं. आणि तूं मॅट्रिक होऊन परगांवीं शिकावयास गेला असतास, तेव्हां घरांत तुझ्या आईवर त्याच्या जेवणाची पाळी आली असती. पाळणें याचा अर्थ जवळ ठेवणें एवढाच नाहीं. जो जीव आपण घेतला त्याची सबंध वाढ व सबंध आयुष्य आपल्या अंगावर घेणें, असा आहे. लहानपणीं प्रत्येक जीव पेटींत मावतो. म्हणून घेण्यापूर्वीं तो वाढल्यावर केवढा होणार, हें विचारणारा तूं इतर पुष्कळ मोठ्या माणसांहून शहाणा ठरलास.

त्याला अजगर पाहावयाचा आहे ना? पुण्याजवळ कात्रजच्या सर्पोद्यानांत तो खुशाल पाहावा. आणि तेंही जमलें नाहीं, तर पावसाळ्यांत बोर्डिंगच्या मागील ढिगाजवळ पाऊल जपून टाकावें. त्या पिलाचीं भावंडें कोठें तरी जवळपास असतीलच. त्यांस पाहिलेंत तर दुरून पाहा, आम्हांस हांक मारा, आणि त्यांची वाट सोडून द्या.